पिळाचा उजेड आणि आईचा डावा डोळा

मी पुण्याला पीएचडी करत होते तेव्हाची गोष्ट. माझं काम एका खास प्लॅस्टिकवर होतं. त्याचे लांबच लांब रेणू सुतळीसारखे एकाच बाजूला पीळ घेतात. त्याच्या पातळ पापुद्र्यावर अतिनील टॉर्च मारला की तो हिरवा उजळतो, आणि त्यातून निघणाऱ्या प्रकाशालाही पीळ असतो. नुसत्या डोळ्यांना तो कळत नाही. थ्रीडी सिनेमाच्या चष्म्यातून मात्र कळतो. एका काचेतून उजेड लख्ख दिसतो, दुसरीतून मंद.

बऱ्याच खटपटीनंतर एक पापुद्रा मनासारखा जमला. काचपट्टीवरचा तो तुकडा, टॉर्च आणि तसला एक चष्मा घेऊन मी लासुर्ण्याला घरी आले. "तितं एवढी वर्षं करतीस तरी काय?" असं आई दर फोनला विचारायची. म्हटलं, एकदा दाखवूनच टाकू.

दुपारी मधल्या खोलीची दारं-खिडक्या लावून पापुद्र्यावर टॉर्च मारला. आधी तात्यांना, म्हणजे वडिलांना, चष्मा घातला आणि एकेक डोळा झाकून बघायला सांगितलं.

"उजव्यानं लख्ख हाय. डाव्यानं मंद."

चष्म्याची वरची कड खाली करून, म्हणजे काचांची अदलाबदल करून, तोच पुन्हा घातला.

"आता डाव्यानं लख्ख! भारीच की गं."

मग आईची पाळी. "उजव्यानं हिरवंगार दिसतंय. डाव्यानं न्हाय काय."

चष्मा उलटा केला. "आता उजव्यानं मंद झालं."

"आणि डाव्यानं?"

"डाव्यानं अजून काय न्हाय. नुसतं धुकं."

मला वाटलं, चष्मा नीट बसला नसेल. पुन्हा बसवला. तेच उत्तर. मग मी चष्मा काढून घेतला, खिडकी उघडली आणि उजवा डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरातला महिना वाचायला सांगितलं.

"कुठाय कॅलेंडर?" आई म्हणाली.

तात्या हळूच म्हणाले, "परवा कपाच्या भाईर चहा वतलास, तवा मी उगंच वरडलो."

"दोनी डोळं उघडं असलं की दिसतंय की मला सगळं," आई म्हणाली. "ध्यानातच आलं न्हाय."

तिला डोळे दाखवायला बारामतीला न्यायचं ठरलं, तर ती तयार होईना. शेतात भेंडीचा तोडा, म्हणजे काढणी, चालू होती. "तोडा मी बघतो," म्हणून तात्यांनी विषय संपवला. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की मोतीबिंदू पूर्ण पिकलाय. ऑपरेशन व्यवस्थित झालं. आईला चुलीच्या धुरापासून लांब राहायला सांगितलं होतं, म्हणून स्वयंपाक तात्या आणि मी मिळून करत होतो. भाकरी त्यांच्याच बऱ्या व्हायच्या. मार्गदर्शक सरांना मी फोन करून रजा वाढवून घेतली.

पट्टी काढल्यावर आईनं उजवा डोळा झाकून सगळ्यांत आधी तात्यांकडं पाहिलं. "लई वाळलाय वो तुमी."

त्या दिवशी जेवताना तात्यांनी तिसरी भाकरी मागून घेतली.