पिवळ्या डाळीसाठी करडी फरशी

घर बांधायला काढलं तेव्हा मला पिवळीच फरशी पाहिजे होती. हुमनाबादला आम्ही भाड्यानं राहत होतो. नवऱ्याचं हायवेला लॉरीच्या सुट्या भागांचं दुकान, माझी शाळेतली नोकरी, आणि गावाच्या टोकाला प्लॉटवर आमचं घर उभं राहायलेलं. मी मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून पंडित झाले होते. त्यात एक बाई सांगायची, उबदार रंगाचा दगड माणसाला जवळ घेतो, थंड रंगाचा दगड घराचा दवाखाना करतो. मला ते सोळा आणे पटलं होतं. म्हणून तांदूरचा पिवळा दगड. नवऱ्याच्या मनात मात्र शहाबादी, करडी, जराशी निळसर.

"उन्हाळ्यात हितं कुत्रं सावली सोडत न्हाई, अन् तुला उबदार कामून पायजे?"

"उबदार रंग म्हणायलेय मी, दगड न्हाई. तुम्ही आपलं बेअरिंग विका."

तो हसला आणि म्हणाला, घर तुझं, तू बघ. पिवळी ठरली.

या सगळ्यात सासूबाई काही म्हणजे काहीच बोलल्या नाहीत. मी त्यांना आत्या म्हणते. खरी काळजी त्यांचीच होती. मोतीबिंदू काढून झाला होता, पण डोळ्याच्या आतला पडदाच थकलेला. आहे तेवढी नजर सांभाळा, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. मादन हिप्परग्याच्या आमच्या शेतातली तूर, तिची घरची डाळ, आणि ती निवडणार आत्या, असं आमच्याकडे कायमचं ठरलेलं. त्यांची रीतही उलटी. सगळ्या बाया खडे वेचतात, आत्या डाळ वेचायच्या. जमिनीवर डाळ पसरायची, बोटानं एकेक चांगला दाणा पुढं ओढायचा, मागं उरेल तो कचरा. माझी नोकरी लागली तेव्हा लेक वर्षाची होती. ही बाई मांडीवर नात आणि पुढ्यात डाळ घेऊन बसायची आणि मलाच ओरडायची, "जा की, बस चुकंल!" मी आज मास्तरीण आहे ती त्यांच्यामुळं. हे मी त्यांना तोंडावर कधी म्हटलेलं नाही, म्हटलं असतं तर शिवी खाल्ली असती.

त्याच आत्यांनी दोन वर्षांपूर्वी भाड्याच्या घरात डाळ निवडणं सोडलं. तिथल्या ठिपक्याठिपक्यांच्या फरशीवर दोन-चारदा बसल्या, चाचपडल्या, दाणे पायाखाली जायला लागले. स्टीलच्या ताटात डोळ्यांवर चमक यायची, चादरीवर सुरकुत्यांत डाळ अडकायची. "आता मला दिसत न्हाई," एवढंच म्हणाल्या आणि खाटेवर भिंतीकडं तोंड करून बसायला लागल्या. भांडायच्याही बंद झाल्या. आमच्या घरात आत्या भांडत नाहीत म्हणजे काहीतरी वाईट चाललंय. नव्या घरातही त्या अशाच बसून राहतील, हीच मला भीती होती.

आमच्याकडे फरशी बसवण्याआधी नमुन्याच्या दोन-चार तशाच मांडून ठेवतात. त्यावर तांब्याभर पाणी ओतायचं, अनवाणी चालायचं, दुपारच्या उजेडात बघायचं. मिस्त्रीनं हॉलमध्ये पिवळ्या मांडल्या, शेजारी चार करड्याही. त्या नवऱ्याची समजूत काढायला.

एका रविवारी डाळीला ऊन द्यायला पोतं नव्या घराच्या गच्चीवर नेलं, सोबत आत्यांनाही. ऊन खाल्लेली डाळ खाली आणून मी मोठ्या हौसेनं पिवळ्या फरशीवर ओतली. म्हटलं, पहिला मान त्यांचा.

"आत्या, बसा तुमच्या नव्या फरशीवर."

त्या बसल्या. हात फिरवला. थांबल्या. परत फिरवला. मला बघवेना, मी खिडकीकडं वळले. तेवढ्यात मागून खसखस आवाज आला. आत्या दोन्ही तळव्यांनी सगळी डाळ पिवळीवरून करडीवर ओढत होत्या. मग वाकल्या, आणि त्यांचं बोट चालायला लागलं. एक दाणा, मग दुसरा, मग भराभरा. करड्या दगडावर पिवळी डाळ मलाही लांबून दिसत होती. त्यांच्या बोटाबरोबर ती पुढं सरकायली, मागं काड्या आणि खडे उरायले.

नवरा चहा घेऊन दारात उभा होता. बघ, मी म्हटलं नव्हतं का, असं त्याला म्हणता आलं असतं. पण त्यानं करडी मागितली होती ती गारव्यासाठी, तिच्यावर डाळ अशी उठून दिसेल हे त्याच्याही ध्यानीमनी नव्हतं. तो टॉवेलनं डोळे पुसत होता.

मिस्त्रीनं विचारलं, "अक्का, पिवळी पक्की न्हवं?"

"करडी," मी म्हटलं. "सगळ्या घरात. सैपाकघरात पण."

त्या व्हिडिओतल्या बाईवर माझा राग नाही. तिच्याकडं डाळ दुकानातून निवडूनच येत असणार. मी मात्र त्या थंड रंगाच्या दगडाला मनातल्या मनात हात जोडले.

आत्यांनी एक खडा चिमटीत धरून डोळ्यांजवळ नेला.

"ही डाळ कोण निवडायलंय आता?"

"मीच की, आत्या."

"तू? दोन वरसं असले खडे खायलाव व्हय तुमी? माझ्या लेकाचे दात ऱ्हायले हेच नशीब! शाळेत लेकरांला शिकवतीस काय, घरात ह्ये दिसत न्हाई तुला?"

एरवी मी एकाला दोन सुनावले असते. त्या दिवशी त्यांच्यासमोर मांडी घालून बसले. त्यांनी माझ्या माहेरापर्यंत मजल मारली, तरी उठले नाही. बोला आत्या, अजून बोला, असं मनात म्हणत डोळे भरून ऐकत राहिले.