दिवा बंद म्हणजे टाकी भरली

तीस वर्षं मोट हाकलेल्या उखाला सोसायटीनं पंपावर बसवलं, तेव्हा निम्म्या गावानं कपाळाला हात लावला. बैलांच्या शेपट्या पिरगळणारा माणूस मोटर काय सांभाळणार? सोसायटीचे चेअरमन शांतीलाल पाटील मात्र ठाम होते. उखा सांगितल्याखेरीज दुसरं काही करत नाही, हाच त्याचा गुण, असं ते म्हणाले. ते खरंच होतं, आणि पुढचा सगळा घोळ त्याच गुणानं झाला.

साल एकोणीसशे चौसष्ट. पंप तापीच्या काठावर आणि टाकी दीड मैलावरच्या टेकाडावर. टाकीतून पाट केळीच्या मळ्यांत उतरत. आता पंपघरात बसून टाकीतलं पाणी दिसणार कसं? सुरतेकडून आलेल्या फिटरनं टाकीत एक तरंगता डबा सोडला आणि तिथून पंपघरापर्यंत दोन तारा ओढल्या. पाणी तळाशी गेलं की डबा खाली जायचा, त्या तारा एकमेकींना जुळायच्या आणि पंपघरातला तांबडा दिवा लागायचा. टाकी भरली की डबा वर, तारा सुटल्या, दिवा बंद. दिवा लागला की मोटर चालू कर, गेला की बंद कर, मध्ये डोकं चालवू नकोस, असं फिटरनं बजावलं. उखाला हे फार आवडलं. टाकी एवढ्या लांबून आपल्याशी बोलते, याचं त्याला अप्रूप वाटे.

एक खांब कमी पडला म्हणून फिटरनं तारा वाटेतल्या निंबाच्या फांदीवरून नेल्या होत्या. त्याच फांदीला दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणींचा झोका बांधतात, हे त्या परक्या माणसाला कुठून ठाऊक असणार? उखाला ठाऊक होतं. पण त्याला कुणी विचारलं नाही, आणि न विचारता बोलायची त्याला सवय नव्हती.

त्या आखाजीला उखाची जसोदाही आली. रनाळ्याला दिलेली लेक, तीन वर्षांनी माहेरी येत होती. मधे ना चिठ्ठी ना निरोप. बायको भिकुबाई काळजी करायची, तेव्हा उखा तिला वेड्यात काढायचा. काही वाईट असतं तर पोरीनं कळवलं नसतं का? कळवत नाही म्हणजे सुखात आहे.

सणाच्या दिवशी सकाळी दिवा लागला. उखानं मोटर चालू केली. दिवा गेला, त्यानं बंद केली. तेवढ्यात पुन्हा लागला. पुन्हा गेला. उखा चक्रावला. एवढी मोठी टाकी घटकेत भरते काय आणि घटकेत रिकामी होते काय? तरी तो इमानानं मोटर चालू-बंद करत राहिला. आठव्या वेळेला मोटरीतून जळका वास आला. मोटर जळाली तर नवी तार गुंडाळून सुरतेहून परत यायला पंधरा दिवस. या उन्हात कोवळी केळ तीन दिवससुद्धा तग धरणार नाही, आणि वीस घरांचं वर्ष त्या केळीवर होतं.

दिव्याचं ऐकावं तर मोटर जाते, न ऐकावं तर पाणी. काय करावं ते त्याला कळेना. शेवटी त्यानं मोटर बंद केली आणि नेमणूक झाल्यापासून पहिल्यांदा कामाच्या वेळी पंपघर सोडून तारांखालून चालू लागला.

निंबाखाली बायकांचा मेळा जमला होता. झोका पुढं गेला की फांदी वाके आणि वरच्या दोन तारा एकमेकींना चिकटत. उखा आ वासून बघतच राहिला. म्हणजे टाकी बोलतच नव्हती, झोका बोलत होता. झोक्यावर जसोदा होती. बाकीच्या गात होत्या, ती नुसती झोके घेत होती. पण उखाचं लक्ष तारांकडं होतं.

"आबा, तुमी आठे?" त्याला तिथं पाहून ती म्हणाली.

त्यानं झोका सोडायला लावला. बायकांनी कुरकुर करत दोर खाली ओढला आणि उखा मोठं काम केल्याच्या थाटात परतला. दिवा बंद होता. टाकी भरलेली. तो भिंतीला टेकून निवांत बसला.

दुपार कलली तेव्हा पाटाचं पाणी बघणारा रेवजी घामाघूम होऊन आला. "उखा, पाट कोरडा शे. मोटर काबर बंद शे?"

"दिवा बंद शे. टाकी भरेल शे."

"मंग चाल, देखी ये."

निंबापाशी पोचताच उखानं वर पाहिलं. दोर ओढताना एक तार तुटली होती आणि फांदीवरून लोंबत होती. पुढं टेकाडावर टाकीत तळ दिसत होता, डबा चिखलावर पडलेला. दिवा बंद म्हणजे टाकी भरली, हे तो एवढे दिवस धरून बसला होता. तोंड बंद झालेली टाकीही तसाच अंधार दाखवते, हे फिटरनं सांगितलं नव्हतं आणि यानं विचारलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली. पंपघरात परतून त्यानं जीव मुठीत धरून मोटर चालू केली. ती घरघरली आणि चालली. रेवजी टेकाडावर थांबला, वाटेत दोन माणसं उभी केली आणि दिवस मावळायच्या आत टाकी भरल्याची हाळी माणसामाणसांनी पंपघरापर्यंत पोचवली.

घरी जसोदानं ताट वाढलं. उखा जेवेना. तो तिच्याकडं बघत राहिला. हातात बांगड्या कमी होत्या, गाल बसले होते. सकाळपासून हे सगळं त्याच्या समोरच होतं.

"जसोदा, तुन्हं बरं शे ना वं?"

तिनं पदराला हात पुसले. मग म्हणाली, "त्यानी दुसरी बायको करी, आबा. दोन वरीस व्हयनात."

उखानं ताट बाजूला सारलं. "आनि इतला दिन सांगं काबर नही?"

"तुमी इचारंच नही."