कापूस वेचणाऱ्या बायकांची भाषा

मला पोलीस व्हायचं होतं. त्या भरतीच्या यादीतून थोडक्यात राहिले आणि कारागृह शिपायांच्या यादीत नाव लागलं. आई नको म्हणत होती. वडील एवढंच म्हणाले, "सरकारी नोकरी शे, नही म्हनू नको." तापीकाठच्या आमच्या घरात पगार आणणारी मी पहिलीच बाई.

नेमणूक जिल्ह्यातच मिळाली, तुरुंगाच्या महिला विभागात. सकाळी बायका मोजून बाहेर काढायच्या, संध्याकाळी मोजून आत घालायच्या. आत शिरताना माझीही झडती व्हायची, मोबाईल गेटवर राहायचा. लग्न झालं, नवरा नाशिकला नोकरीला. मी बदलीचा अर्ज टाकला.

त्याच महिन्यात डोंगरातल्या मोलगीकडची एक बाई कैदेत आली. खटला अजून उभा राहायचा होता. दोन दिवस तिने अन्नाला हात लावला नाही. माझ्या सोबतच्या शिपाई सांगली-लातूरकडच्या, तिची बोली त्यांना कळेना. त्यांना वाटलं, हट्ट करतेय. मला भिली येत होती, आमच्या शेतात कापूस वेचायला येणाऱ्या बायकांमध्ये बसून लहानपणी शिकलेली. मी तिला विचारलं. तिने छातीवर हात ठेवून सांगितलं, पाच महिन्यांची मुलगी पाड्यावर राहिलीय, दूध साकळून अंग तापलंय. अटकेपासून तिला हे कुणी विचारलंच नव्हतं.

मी तुरुंगाच्या अधीक्षक साहेबांना सांगितलं. डॉक्टर आले, पोरीला आईजवळ आत ठेवायची परवानगी झाली, आणि तिची सासू जीपने तिला घेऊन आली. बाईने भिंतीकडे तोंड करून पोरीला पाजलं. माझ्याकडे पाहिलंही नाही.

त्यानंतर डोंगरातली कुणीही बाई आली की मला बोलावणं, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. अर्ज साहेबांच्या टेबलावर आला तेव्हा त्यांनी मला बसायला सांगितलं.

"तुम्ही गेलात तर या बायकांशी बोलणार कोण? तुम्हीच सांगा, पुढे पाठवू का?"

मी हो म्हटलं असतं तर त्यांनी पाठवला असता. मी म्हटलं, "राहू द्या."

नवऱ्याला सांगितलं, नामंजूर झाला.

पुढे त्या बाईला जामीन मिळाला. पोरगी तोवर चालायला लागली होती. गेटबाहेर बैल पाहून ती घाबरून रडली. मी हवालदार झाले. नवरा शनिवारी येतो, नवा अर्ज केलास का विचारतो. मी केलाय म्हणते. खरं सांगितलं तर तो कारण विचारेल. बायकांसाठी राहिले, असं सांगायची मला लाज वाटते, कारण ते पूर्ण खरं नाही. त्या दिवशी साहेबांसमोर बसून मला फक्त 'जाते' म्हणता आलं नव्हतं.