लेकीच्या घरचं पाणी

आमच्याकडे लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं अन्नपाणी घेत नाही. अन्नाच्या बाबतीत बाबा हळूहळू नरमले, पाण्याच्या बाबतीत मात्र नाही. "अन्न देवाचं, पानी घराचं," असा त्यांनी आपल्या सोयीचा कायदा करून ठेवला होता. "मग वरणातलं पाणी काय आभाळातून पडते का?" मी चिडवायची. ते गालातल्या गालात हसायचे आणि वरण भुरकायचे.

मी पंचेचाळिशीला टेकले तरी नेम तसाच. एकदा मी कडकडून भांडले, तेव्हा म्हणाले, "मी तुह्या घरचं पानी पेलो तं समज, म्या आस सोडली. बापानंच सोडली तं मंग कोन धरीन?" दवाखाने आणि नवस करून थकल्यावर मी आणि माझ्या नवऱ्यानं ती आस केव्हाच सोडली होती. बाबा एकटेच धरून बसले होते. मला त्याचा राग यायचा, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटायचं.

मे महिन्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी ते मूर्तिजापूरकडच्या आमच्या गावाहून अकोल्याला माझ्याकडे आले. सकाळ-संध्याकाळ कोपऱ्यावरच्या पाणपोईवर जाऊन पोटभर पाणी पिऊन यायचे. मग जुलाब लागले. ते थांबले, पण पायात त्राण राहिलं नाही आणि बाहेर जाणं बंद झालं. नवरा त्याच पाणपोईवरून बाटली भरून आणून द्यायचा. पण जावयाला कामाला लावायचं म्हणजे बाबांना मेल्याहून मेल्यासारखं. "जावयाले पान्यासाठी किती धाडावं?" म्हणत ते एक बाटली घोटाघोटानं दिवसभर पुरवत. मी दिवसभर कामावर, त्यामुळे हे मला फार उशिरा कळलं.

मी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. ऑपरेशनच्या आधीच्या तपासण्यांसाठी त्यांचं रक्त मीच घरी घेतलं आणि लॅबमध्ये नेलं. जन्मभर काळ्या मातीत राबलेला तो हात, शिरा कशा टरारून दिसायच्या. त्या दिवशी एकही शीर सापडेना. सापडली तेव्हा रक्त गडद आणि संथ आलं.

हिवाळ्यात त्यांचं हिमोग्लोबिन कमी निघालं होतं, म्हणून डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या आणि गूळ-खजूर खायला सांगितलं होतं. आता आकडा चक्क चांगला आला. मी फोनवर नवऱ्याला सांगायला सुरुवात केली, तर पुढचं न ऐकताच तो बाबांना ओरडून म्हणाला, "बाबा, रक्त वाढलं तुमचं!" मागून बाबांचा आवाज आला, "खजूर लागू पडली बाप्पा!"

माझे डोळे खालच्या ओळींवर होते. सोडियम वाढलेलं. युरिया नको तितका वर, क्रिएटिनिनही त्याच्या मागोमाग. रक्तात पेशींचा भाग जास्त, पाण्याचा कमी. रक्त वाढलं नव्हतं, त्यातलं पाणी आटलं होतं. वरण आटलं की दाट दिसतं, म्हणून काही डाळ वाढत नाही. मी तशीच घरी पळाले.

दवाखान्यात सलाईन लागलं. "हे चालते," बाबा म्हणाले, "हे काई तुह्या घरचं नाई." दुसऱ्या दिवशी हिमोग्लोबिन पुन्हा खाली, हिवाळ्याच्या जागी आलं. नवरा घाबरला. मी उलट सुस्कारा सोडला, कारण हाच त्यांचा खरा आकडा होता. पण लघवी काही होईना. मूत्रपिंडांनी तोवर काम टाकलं होतं. क्रिएटिनिन प्रत्येक रिपोर्टमध्ये वर चढत गेलं, अंगावर सूज आली. डायलिसिस त्यांच्या हृदयाला झेपेना. डॉक्टर म्हणाले, आता पाणी मोजून, जास्त झालं तर छातीत भरेल. ज्या माणसाला पाणी कमी पडलं म्हणून इथे आणलं, त्याचंच पाणी तोडायचं होतं. आकड्यांचा अर्थ मला कळत होता, आणि तो कळू नये असं मला पहिल्यांदाच वाटलं.

एका दुपारी मी ओल्या कापसानं त्यांचे ओठ पुसत होते. त्यांनी माझं मनगट धरलं.

"हे नाई. तुह्या घरचं आन."

मी कापूस खाली ठेवून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी नजर वळवली. ते काय सोडत होते ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

मी रिक्षानं घरी गेले, माठातलं पाणी पेल्यात घेतलं आणि हाताचं झाकण करून परत आले. डॉक्टरांनी परवानगी दिली ती दोन चमच्यांची. बाबांनी ते तोंडात घोळवलं, डोळे मिटून गिळलं.

"गोड हाये वं, बाई. अजून दे."

"आता नाही, बाबा."

"काहून?"

त्यांनी पेल्याकडे हात पुढे केला. मी पेला मागे घेतला.