शिडी, बाज आणि हिरवा काटा

गिटार शिकायला वयाची अट नाही, असं ॲप उघडल्याबरोबर लिहून येतं. ज्यानं ते लिहिलं त्यानं पन्नाशीतल्या क्लार्क बाईची बोटं पाहिलेली नसावीत. गिटार आमच्या मुलीची. नाशिकला शिकायला जाताना 'आई, हिला जप' म्हणून गेली, आणि मी ती कपाटावर आडवी टाकून जपली. मग माझा बीपी वाढला. डॉक्टरांनी सांगितलं, कशात तरी मन रमवा. घरात मन रमवण्याजोगी रिकामी वस्तू तेवढी एकच होती.

ॲपची रीत सोपी आहे. पडद्यावर तारा दिसतात, त्यांच्यावरून रंगीत ठिपके सरकत येतात, ठिपका रेघेवर आला की ती तार छेडायची. मोबाईल ऐकत असतो. बरोबर असलं की 'वा!' म्हणतो. आमच्या घरात कोणी कोणाला वा म्हणत नाही, भाजी बिघडली तरच भाजीचा विषय निघतो, त्यामुळे सुरुवातीला मला फार बरं वाटायचं. मग एका सकाळी माझं बोट तारेवर पोचायच्या आधी कुकरची शिट्टी झाली आणि ॲपनं तिलाही वा म्हटलं. त्या दिवसापासून मी ते कौतुक मनावर घेणं सोडलं. नवऱ्यानं एकदाच विचारलं होतं, हे किती दिवस चालणार. मी म्हटलं, बीपी उतरेपर्यंत. त्याला वाटलं मी गंमत करते.

माझ्या गिटारचा अजिबात त्रास न होणारी एकच व्यक्ती घरात होती. ती म्हणजे माझ्या सासूबाई, कारण त्यांना ऐकू येत नव्हतं. अगदी ठार नाही; समोर उभं राहून ओरडून बोललं तर येतं, आणि मग आज आमच्याकडे काय शिजणार ते सगळ्या गल्लीला कळतं. कानाचं मशीन आहे. ते लावलं की भांडी पत्र्यावर पडल्यासारखी वाटतात आणि भजनातली पेटी तर नळाला नुसती हवा आल्यासारखी वाजते, असं त्यांचं म्हणणं. म्हणून मशीन डबीत असतं आणि डबी देव्हाऱ्याखाली.

आमच्या कॉलनीतल्या देवळात दर गुरुवारी बायकांचं भजनी मंडळ बसतं. तिथं अभंग उचलायचं काम वर्षानुवर्षं सासूबाईंचं. उचलायचं म्हणजे पेटी-ढोलकी सुरू व्हायच्या आधी पहिली ओळ एकटीनं म्हणायची, मग बाकीच्या तिच्या मागून येतात. मंडळात या जागेला मोठा मान. सासूबाईंना आयुष्यात दुसरा कुठला मान मिळाल्याचं मला तरी आठवत नाही. घर आधी सासऱ्यांचं, मग मुलाचं, स्वयंपाकघर हळूहळू माझं झालं. पहिली ओळ तेवढी त्यांची होती.

कान गेले तसा त्यांचा सूर घसरायला लागला. पेटी एकीकडे, या दुसरीकडे. बायका एकमेकींकडे पाहायच्या. शेवटी एका गुरुवारी मंडळाच्या अध्यक्ष बाई फार गोड आवाजात म्हणाल्या, काकू, आता तुम्ही निवांत बसून टाळ वाजवा, उचलायचं मी पाहते. शब्द सासूबाईंना ऐकू गेले नसतील. टाळ मात्र हातात आले.

त्यानंतर त्यांनी देवळात जाणं बंद केलं. गुडघे दुखतात म्हणाल्या. त्याच गुडघ्यांनी रोज गच्चीवर चढून मिरच्या वाळत घालत होत्या. मी एकदा तोंडावरच विचारलं, की ऐकू न येणाऱ्या म्हाताऱ्या काय तुम्ही एकट्याच आहात का, मशीन लावा आणि जा. मला रागच आला होता, त्यांचाही आणि त्या अध्यक्ष बाईंचाही. सासूबाईंनी माझ्या पुढ्यातली मेथीची एक जुडी ओढून घेतली. मग म्हणाल्या, "लोकायचं मले ऐकू येत नाई त्याचं काई नाई वं. माहा आवाज मले ऐकू येत नाई."

मी मेथी निवडत होते, ती निवडत राहिले.

आता काट्याचं सांगते. गिटार वाजवायच्या आधी तिच्या तारा जुळवाव्या लागतात. त्यासाठी ॲपमध्ये एक काटा आहे. तार छेडली की वर इंग्रजी अक्षर उमटतं आणि खाली काटा हलतो. डावीकडे पडला तर सूर खाली, उजवीकडे गेला तर सूर वर, मधोमध आला की हिरवा होतो. मला या कामाचा भयंकर कंटाळा. एका रविवारी अंगणात मी खुंट्या पिळत बसले होते आणि सासूबाई शेजारी तुरीच्या शेंगा सोलत होत्या. काटा दिसला तसा त्यांचा हात थांबला. हे काय मोजून राह्यलं, म्हणून विचारलं. मी ओरडून सांगितलं, आवाज मोजते! समोरच्या घरातून एक डोकं बाहेर आलं आणि परत आत गेलं.

देऊळघाटला माहेरी त्या वडिलांच्या दुकानात तराजूपाशी लहानाच्या मोठ्या झालेल्या, त्यामुळे काटा म्हटलं की त्यांचा पूर्ण विश्वास. त्यांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं, गिटार माझ्या मांडीवरून ओढून घेतली आणि स्वतःच खुंटी पिळायला लागल्या. ऐकू काही येत नव्हतं, पण नजर काट्यावरून हलली नाही. सगळ्या तारा हिरव्या झाल्यावरच गिटार परत दिली. तेव्हापासून घरात गिटार जुळवायचं काम त्यांच्याकडे गेलं आणि बिघडवायचं माझ्याकडे राहिलं.

थोड्या दिवसांनी, तारा जुळवून झाल्यावर, त्यांनी मोबाईलसमोर तोंड नेलं आणि हळूच 'आ' केला. काटा हलला. त्या दचकून गप्प झाल्या. पुन्हा 'आ' केला, पुन्हा काटा हलला.

"हा मी हाय?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

मग त्यांनी दम काढला नाही. मला घेऊन मंडळात पेटी वाजवणाऱ्या बाईंच्या घरी गेल्या आणि मंडळ ज्या सुरात गातं ती काळी पाच, म्हणजे पेटीची पाचवी काळी पट्टी, दाबायला लावली. मोबाईलवर इंग्रजी ए आलं आणि त्याच्या शेजारी दोन उभ्या, दोन आडव्या रेघांची बारीक जाळी. सासूबाईंना इंग्रजी येत नाही. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि ठरवून टाकलं, की ही शिडी अन् ही विणलेली बाज. शिडी अन् बाज दिसली आणि काटा हिरवा झाला, की आपला सूर लागला. बात खतम.

त्या दिवसापासून मोबाईल माझा राहिला नाही. मी ऑफिसातून आले की त्या तो माझ्या पर्समधून काढून लोणच्याच्या बरणीला टेकवायच्या आणि समोर बसायच्या, आ लावून. मी गिटार घेतली की हातानं खूण करायच्या, थांबव तुह्यं टुंगटुंग, माहा काटा हलते. मला हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू. मी बोटांना भोकं पडेपर्यंत दाबूनही मोबाईल वा म्हणायला आढेवेढे घ्यायचा, आणि यांचा काटा आठ दिवसांत हिरवा व्हायला लागला. मी म्हणायचे, आई, शिकून मी राह्यली की तुम्ही? हे मात्र त्यांना ऐकू यायचं नाही.

गिटार बंद म्हणून मी नुसती ऐकत बसायचे. आवाज लागला की मनात म्हणायचे, खाली आहे, आणि काटा डावीकडे पडायचा. वर गेला म्हणायचे, आणि तो उजवीकडे जायचा. पुढे पुढे तर मी काट्याकडे पाहायचंही सोडलं. याचा काही उपयोग असेल असं वाटलं नाही. ॲपमध्ये याचा धडा नाही.

एका गुरुवारी त्यांनी धुतलेलं पातळ काढलं आणि मला सुट्टी टाकायला लावली. गुडघ्यांचं नाव नाही. देवळात अध्यक्ष बाईंनी या काकू म्हटलं आणि टाळ पुढे केले. सासूबाईंनी ते घेऊन जमिनीवर ठेवले, पिशवीतून मोबाईल काढला आणि प्रसादाच्या डब्याला टेकवला. बायकांना वाटलं व्हिडिओ काढते. मग हात वर करून त्यांनी सगळ्यांना थांबवलं. अध्यक्ष बाईंचं तोंड उघडलेलं तसंच राहिलं. शांततेत पहिली ओळ त्यांनी उचलली. शिडी, बाज, काटा हिरवा. पेटीवाल्या बाईंनी पट्टी दाबली तर आवाज तिच्यावर नेमका बसला. मी खांबाला टेकून समोर बसले होते.

आणि मग ढोलकी सुरू झाली, सगळ्यांचे टाळ सुरू झाले. हे आमच्या दोघींच्याही डोक्यात आलं नव्हतं. मोबाईलला आता सगळंच ऐकू येत होतं. काटा पिसाळल्यासारखा इकडून तिकडे पळायला लागला, वर अक्षरं बदलत सुटली, शिडी दिसेना, बाज दिसेना. सासूबाईंचा चेहरा उतरला. त्या गात होत्या, पण घाबरलेल्या होत्या, आणि दुसऱ्या कडव्यात सूर खाली यायला लागला. मला ते स्पष्ट ऐकू आलं. अध्यक्ष बाईंनीही ऐकलं असावं, कारण त्यांनी घसा साफ केला.

मी माझ्या छातीसमोर एक बोट उभं धरलं आणि डावीकडे पाडलं.

सासूबाईंनी मोबाईलवरून नजर काढून माझ्याकडे पाहिलं. क्षणभर त्यांना कळलं नाही. मग आवाज वर सरकला. मी बोट उभं केलं. पुढच्या ओळीत तो जरा जास्तच वर गेला, मी बोट उजवीकडे पाडलं, त्यांनी सावरून घेतला. चाल तर त्यांच्या गळ्याला पाठ होतीच, तिला काही सांगायची गरज नव्हती. अख्खा अभंग आमचं असं चाललं. पुढचाही. मधेमधे बायका माझ्याकडे पाहायच्या, की ही बोट दाखवून काय करून राह्यली. मला लाज वाटली नाही.

तिसरा अभंग सुरू व्हायच्या आधी अध्यक्ष बाई हात लांबवून जमिनीवरचे टाळ घेऊन गेल्या आणि स्वतः वाजवायला लागल्या.

परत येताना सासूबाई पुढे, मी मागे. फाटकाशी आल्यावर कडी काढता काढता म्हणाल्या, "गिटार काई तुले जमत नाई."

त्यांनी माझी गिटार कधी ऐकलेलीच नव्हती. पण खरं होतं, म्हणून मी हो म्हटलं.

"काटा जमते," त्या म्हणाल्या. "गुरुवारी लवकर येजो."