ब्रोकोलीचा आग्रह

मयूर विहारच्या भाजीबाजारात एक बाई रोज दिसायची. अनोळखी बायकांच्या पिशव्यांत डोकावून सांगायची, "दीदी, ब्रोकोली लो, कच्ची हल्दी खाओ. कॅन्सर पास नहीं आएगा." मला वाटे, आज ना उद्या ही पर्समधून कसल्या तरी गोळ्यांची डबी काढणार. म्हणून मी तिला टाळायचे.

एकदा तिने मला गाठलंच. मी तुटकपणे म्हणाले, "मैं तो आज मॅमोग्राफी कराने जा रही हूँ."

मग ओढणी छातीशी घट्ट धरत तिने हळूच विचारलं, "उसमें दर्द होता है क्या?"

गोळ्यांचा संशय गेला आणि त्याहून वाईट संशय मनात आला. मी रिक्षा थांबवली आणि आधी तिला बसवलं.