मामांचे पिवळे चिरंजीव

एका फुटबॉल क्लबच्या वतीने मी खोटं पत्र लिहिलं, आणि त्यामुळे माझ्या मामेसासऱ्यांना पंचाहत्तराव्या वर्षी मुलगा झाला. चूक माझीच. पण ती समजून घ्यायची तर आधी मामांना समजून घ्यावं लागतं, आणि ते ग्वाल्हेरात आजवर कुणालाही जमलेलं नाही. मामींनी पन्नास वर्षं प्रयत्न केला आणि मग गुडघेदुखीचं निमित्त सांगून सोडून दिला.

मामा म्हणजे माझ्या बायकोचे मामा. जयेंद्रगंजात राहतात. त्यांचे पूर्वज दख्खनेतून सरदारांच्या मागोमाग इकडे आले, पण तलवार घेऊन नव्हे, पोथी घेऊन. त्या पोथीत दत्तकविधान होतं. संस्थानी घराण्यांत दत्तकाला कधी तोटा नसतो, त्यामुळे मामांच्या आजोबांचं आणि वडिलांचं बरं चाललं होतं. मामांकडून तो विधी मुंजीच्याही आधीपासून पाठ करून घेतला गेला आणि ज्या वर्षी तो अडखळल्याशिवाय म्हणता येऊ लागला त्याच वर्षी संस्थान विलीन झालं. वडील नव्या कचेरीत विचारायला गेले की आता आमच्या जागेचं काय. तिथल्या बाबूने सांगितलं, "नया महकमा देखेगा." मामा ही गोष्ट सांगताना इथे हमखास थांबतात, चष्मा पुसतात आणि म्हणतात, "बाबा अकरा वर्षं वाट बघत होते हो, कोण देखतो ते."

पुढे मामा शाळेत संस्कृत शिकवू लागले. शाळेत कसलीशी फेररचना झाली तेव्हा खेळाचा तास कुणाकडेच उरला नाही, म्हणून तो संस्कृतच्या मास्तरांकडे आला. मामांनी नाही म्हटलं नाही. फक्त शाळेची शिट्टी तोंडात घ्यायला नकार दिला, कारण ती आधी पाच मास्तरांच्या तोंडात जाऊन आली होती. मग मामा देवघरातली घंटी घेऊन मैदानात उतरले. तीस वर्षं त्यांनी घंटी वाजवून फाउल दिले. हजीऱ्याच्या शाळेची पोरं आमच्या मैदानावर खेळायला आली की पहिली दहा मिनिटं प्रसादाची वाट बघायची. आमचं गाव हॉकीचं, फुटबॉलमधलं इथे कुणाला फारसं कळत नाही, पण मामांना ऑफसाइडचा नियम पहिल्याच दिवशी कळला. त्यांच्या मते तो सरळसरळ सोवळ्याचा नियम आहे. "नको तिथे, नको तेव्हा, आधीच जाऊन उभं राहायचं नाही. बस. यात न समजण्यासारखं काय आहे?" असं ते मला विचारतात, आणि मला ते अजूनही समजलेलं नाही.

मामा-मामींना मूल नाही. ज्या घराने अर्ध्या दरबाराला वारस मिळवून दिले त्या घरात पाळणा हलला नाही. दत्तक घ्यावं असं मामींच्या मनात होतं. मामाही नको म्हणत नव्हते, पण योग्य मुलगा, योग्य गोत्र आणि योग्य मुहूर्त यांची गाठ पडेना, आणि त्या नादात दोघांचे केस पांढरे झाले. मामी या विषयावर माझ्याशी एकदाच बोलल्या, मेथी निवडता निवडता. "सासरे दुसऱ्यांसाठी दोन दिवसांत मुहूर्त काढायचे. ह्यांना स्वतःसाठी तीस वर्षांत नाही निघाला."

तर त्या वर्षी देशात फुटबॉलच्या दोन लीग चालू होत्या. एक नवी, झगमगाटाची, नटनट्या मालक असलेली. दुसरी जुनी, जिचे सामने भर दुपारी उन्हात व्हायचे आणि वर्तमानपत्रात लग्नाच्या जाहिरातींखाली छापून यायचे. मामा अर्थातच जुनीच्या बाजूचे. मोसम सुरू होऊन चार आठवडे झाले असतील, तेव्हा एक दिवस त्यांनी मला बोलावून घेतलं आणि गुणतालिकेवर भिंग धरून म्हणाले, "जावईबापू, यात ग्वाल्हेर कुठे आहे?"

"नाहीये मामा. आपली टीमच नाही."

"म्हणजे आपण निपुत्रिक."

मी हसलो. ते हसले नाहीत. भिंग सरकत सरकत तालिकेच्या अगदी तळाला गेलं. तिथे दूर समुद्रकाठच्या एका शहराचा पिवळ्या सदऱ्यांचा संघ होता, खेळलेले सगळे सामने हरलेला. "हा," मामा म्हणाले. "वरच्यांना आईबाप पुष्कळ आहेत."

दत्तकाला देणारा लागतो. आईबापांनी स्वतःच्या तोंडाने 'दिला' म्हटल्याशिवाय दत्तक होत नाही; नुसतं उचलून आणलं तर ती चोरी, हे मामांनी मला त्या दुपारी इतक्यांदा सांगितलं की मीच एखादं पोर पळवून आणलंय असं मला वाटू लागलं. मग त्यांनी पत्र सांगितलं, मी ते इंग्रजीत उतरवलं आणि क्लबच्या पत्त्यावर धाडलं. उत्तर येईना. पंधरा दिवस गेले, महिना गेला. मामा पोस्टमनच्या वेळेला दारात खुर्ची टाकून बसू लागले. मी बँकेत कामावर जाता-येता स्कूटर थांबवली की विचारायचे, "काही कळलं?" आणि मामी आतून मला खुणेनेच सांगायच्या की आजही अर्धीच पोळी खाल्ली.

माझ्या वडिलांचं मत होतं की या मुलाला दया आली की अक्कल घरी ठेवून येतो. मला दया आली. नया बाजारातल्या एका छपाईच्या दुकानात मी क्लबचं बोधचिन्ह रंगीत छापून घेतलं, त्याखाली इंग्रजीत पत्र लिहिलं आणि 'सेक्रेटरी' म्हणून अशी काही लफ्फेदार सही ठोकली की स्वतःवरच खूश झालो. विधीत काही उणं राहू नये म्हणून 'आम्ही हा क्लब आपणांस दिला, दिला, दिला' असं त्रिवार लिहिलं. मामांना मी ते मराठीत वाचून दाखवलं. त्यांनी पत्र हातात घेतलं, उजेडाला धरलं, बराच वेळ माझ्याकडे बघितलं आणि मामींना म्हणाले, "गूळ आणा."

त्या दिवसापासून पिवळा संघ 'चिरंजीव' झाला. "चिरंजीव हरले" असं मामा सांगायचे, ते पोराच्या परीक्षेचा निकाल सांगितल्यासारखं. संघातले अठराही खेळाडू मामांच्या वासिष्ठ गोत्रात आले. त्यांत मणिपूरचा गोलकीपर होता आणि आफ्रिकेतून आलेला सहा फुटी सेंटर फॉरवर्ड होता, आणि आपण वासिष्ठ असल्याचं दोघांनाही आजतागायत ठाऊक नाही. सामना टीव्हीवर क्वचितच दिसायचा. मग मी मोबाइलवर आकडे बघून सांगायचो आणि मामा डोळे मिटून ऐकायचे. कुणाला लाल कार्ड मिळालं की मामा संध्याकाळचं जेवण सोडायचे. पोराने आगळीक केली तर बापाने ती भोगावी, हा त्यांचा हिशोब. सामना सुरू व्हायच्या वेळेला मामी दिवा लावायच्या आणि दर वेळी एकच विचारायच्या, "जेवून खेळतात का उपाशी?"

एका गोष्टीचं मात्र मला नवल वाटायचं. दत्तकाचा होम व्हायचा राहिला होता आणि मामा तो पुढे ढकलत होते. कधी गुरूचा अस्त, कधी समिधा ओल्या, कधी नुसतंच "बघू". मी म्हटलं, म्हातारपणी आळस येतोच. दुसऱ्याच्या आळसाबद्दल माझा अंदाज सहसा चुकत नाही, कारण माझा स्वतःचा अनुभव दांडगा आहे. या वेळी चुकला.

मोसम संपत आला आणि पेपरात बातमी आली की दोन्ही लीग एक करायचं घाटतंय, आणि त्या खटपटीत आमच्या पिवळ्या क्लबच्या मालकांनी आपला क्लब दुसऱ्या एका मोठ्या क्लबात विलीन करायचं ठरवलंय. नाव जाणार, रंग जाणार. शेवटचा सामना दिल्लीत, येत्या रविवारी दुपारी.

मामांनी बातमी दोनदा वाचली. "विलीनीकरण," ते म्हणाले. "आयुष्यात दुसऱ्यांदा ऐकतोय हा शब्द. याचा अर्थ मला विचारा. सकाळी उठता तेव्हा घर तेच असतं, दार तेच असतं. फक्त तुम्हाला कोणी काही विचारत नाही." मग म्हणाले, "जावईबापू, दिल्लीची तीन तिकिटं काढा. पत्र मी बरोबर घेतो."

"पत्र कशाला मामा? फिजूल गहाळ व्हायचं."

"कागदपत्र जवळ असावं. एकदा दिलेला मुलगा पुन्हा दुसऱ्याला देता येत नाही."

रविवारी सकाळच्या गाडीत मामी दशम्यांचा डबा आणि औक्षणाचं तबक मांडीवर घेऊन बसल्या होत्या, मामा पत्राची पिशवी छातीशी धरून, आणि मी दारात उभा राहून आग्र्याला उतरून पळून जावं का याचा विचार करत होतो. मथुरा आली तेव्हा खरं सांगून टाकायचं ठरवलं. आत गेलो तर मामी एकेकाळी दत्तक घ्यायचं घाटलेल्या पुतण्यासाठी विणलेला, कधीच न दिलेला लोकरीचा टोपा तबकात ठेवत होत्या. मी पुन्हा दारात येऊन उभा राहिलो.

स्टेडियममध्ये माणसं कमी आणि कबुतरं जास्त होती. आमच्या बाजूला पिवळ्याचे पाठीराखे म्हणजे आम्ही तिघंच. चिरंजीव मोसमभर खेळले त्याहून बरे खेळले आणि एका गोलने हरले. मामा संपूर्ण नव्वद मिनिटं उभे होते. सामना संपल्यावर खेळाडू आत गेले, आणि मैदानाच्या कडेला एक साठीचा माणूस घामेजलेले पिवळे सदरे गोळा करून पोत्यात भरू लागला. संघाचे कपडे सांभाळणारा तो. मामा कठड्यापाशी गेले आणि त्यांनी पत्र त्याच्यापुढे धरलं.

मी मामांच्या पाठीमागे उभा राहून त्या माणसाला हात जोडले, कान धरले, पुन्हा हात जोडले. त्याने पत्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "बाबूजी, हमारे यहाँ तो सेक्रेटरी है ही नहीं. दो साल हो गए."

मी डोळे मिटले.

"मला ठाऊक आहे," मामा शांतपणे म्हणाले. आणि मागे न बघता पुढे म्हणाले, "फुटबॉलचा सेक्रेटरी तीनदा 'दिला' कशाला लिहील, जावईबापू? ते मीच तुम्हाला शिकवलं होतं. सहा महिने दुसऱ्याचं पोर घरात ठेवून बसलोय मी. होम कसा करणार?"

मग त्या माणसाला विचारलं, "आप कितने साल से हैं इनके साथ?"

"जब से क्लब है. बाईस साल."

"कपडे आप ही धोते हैं?"

"और कौन धोएगा."

"अब आप कहाँ जाएँगे?"

"पता नहीं. नए साहब लोग देखेंगे."

मामांनी चष्मा काढला, पण पुसला नाही. मग त्याला नीट समजावून सांगितलं: आम्ही ग्वाल्हेरचे, आमच्याकडे असा असा विधी असतो, तुम्ही यांना बावीस वर्षं सांभाळलंत म्हणून विचारायचं ते तुम्हालाच. तुम्ही एकदा तोंडाने 'दिला' म्हणा. काही न्यायचं नाही, काही मागायचं नाही. उद्यापासून यांचं नाव घेणारं कुणी उरणार नाही, ते आमच्या घरी घेतलं जाईल, एवढंच.

तो माणूस हसेल असं मला वाटलं होतं. त्याने पोत्यात हात घालून एक सदरा काढला, गोलकीपरचा, चिखलाने माखलेला, आणि दोन्ही हातांनी मामांपुढे धरला. "दिया, बाबूजी," तो म्हणाला. मग नाक पुसून पुन्हा म्हणाला, "दिया."

दत्तकविधानात बाप मुलाच्या मस्तकाचं अवघ्राण करतो, म्हणजे डोकं हुंगतो. आपला म्हणून घेतल्याची ती खूण. ज्या मामांनी तीस वर्षं शाळेची शिट्टी ओठाला लावली नाही, त्यांनी तो घामाने थबथबलेला सदरा उचलून त्याच्या कॉलरला नाक लावलं आणि लांब श्वास घेतला. मामींनी तिथेच कठड्यावरून सदऱ्याला ओवाळलं. वाऱ्याने निरांजन दोनदा विझलं, दोनदा त्या माणसाने आपल्या काडेपेटीने लावून दिलं.

दुसऱ्या दिवशी जयेंद्रगंजात होम झाला. मुहूर्त विचारायची कुणाची छाती झाली नाही.

पुढच्या मोसमाच्या तालिकेत पिवळ्या क्लबचं नाव नव्हतं. सदरा मात्र आहे. मामी तो महिन्याकाठी धुतात आणि गच्चीवरच्या दोरीवर वाळत घालतात, आणि तो वाळेपर्यंत मामा शेजारी खुर्ची टाकून बसतात. पतंग अडकू नये म्हणून, असं सांगतात. परवा मीही जाऊन बसलो होतो. ऊन उतरत होतं, सदऱ्याच्या बाह्या हलत होत्या. मला उगीच भरून आलं आणि मनात असलेलं बोलून गेलो.

"मामा, मुलगाच हवा होता तर मी होतो की इथे. रोज डोळ्यांसमोर."

मामांनी सदऱ्यावरची नजर काढून मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं.

"तुमच्या वडिलांनी लग्नातच विचारलं होतं," ते म्हणाले. "मी नको म्हटलं."